एका सेकंदाचे ४४,१०० ठिपके

दहा-अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. मिरजेत माझं रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्तीचं छोटं दुकान होतं. टेपरेकॉर्डर गेले तशी दुरुस्तीही गेली, आणि लोकांच्या जुन्या कॅसेटी संगणकावर उतरवून देणं हेच मुख्य काम होऊन बसलं. एके दिवशी जवळच्या खेड्यातल्या एक बाई पेन ड्राइव्ह घेऊन आल्या. त्यांच्या आईनं जात्यावर म्हटलेल्या ओव्या १९८७ साली भाच्यानं कॅसेटवर भरून ठेवल्या होत्या. आई आता नव्हती. मोठ्या शहरातल्या एका दुकानातून त्यांनी ती कॅसेट संगणकावर उतरवून घेतली होती, आणि मग बुरशी लागलेली कॅसेट टाकून दिली होती.

मी फाइल लावली. ओव्या स्वच्छ ऐकू येत होत्या. मला त्यात काहीच खटकलं नाही. बाई मात्र मान हलवत म्हणाल्या, “दादा, शब्द आईचं हाईत, पण ही आमची आई न्हवं. आई अशी घाईनं म्हणत नव्हती. ही कोण तरी पोर वाटतीया.”

मी अभियंता नाही. माझं शिक्षण बारावीपर्यंतचं. बाकी जे आलं ते सोल्डरिंग गन हातात धरून आणि पुस्तकं वाचून. त्या एका वाक्याचा पाठपुरावा करताना मला डिजिटल ध्वनी मुळापासून शिकावा लागला. त्यात जे हाती आलं ते इथे मांडतो आहे. आज जवळजवळ प्रत्येक घरात कुणाचा तरी आवाज एखाद्या फाइलमध्ये आहे, आणि तो आवाज नेमका कुठे बिघडतो याबद्दल आपल्या बहुतेकांच्या कल्पना चुकीच्या आहेत. माझ्याही होत्या.

ठिपके आणि रेषा

आवाज म्हणजे हवेच्या दाबातला चढउतार. मायक्रोफोन त्या चढउताराचं विजेच्या चढउतारात रूपांतर करतो. कॅसेटच्या फितीवर हाच चढउतार चुंबकीय रूपात सलग उमटतो. संगणकाला सलग काही साठवता येत नाही. त्याला आकडे लागतात. म्हणून तो विजेचा दाब ठरावीक अंतरानं मोजतो आणि लिहून ठेवतो. अशा एका मोजणीला सॅम्पल म्हणजे नमुना म्हणतात, आणि सेकंदाला किती नमुने घेतले त्याला सॅम्पल रेट, म्हणजे नमुनादर. सीडीचा नमुनादर ४४,१०० आहे. एका सेकंदात ४४,१०० वेळा मोजणी, तीही डाव्या आणि उजव्या वाहिनीसाठी वेगवेगळी.

इथे पहिली शंका येते: दोन मोजण्यांच्या मधला आवाज गेला की! अनेक जाणकार रसिकसुद्धा सांगतात की डिजिटल आवाज म्हणजे पायऱ्या-पायऱ्यांचा आवाज, तानपुऱ्याची सलग आस त्यात तुटते. ही समजूत बरोबर नाही.

ठिपक्यांची रांगोळी आठवा. ठिपके पुरेसे जवळ असतील आणि रेषा कशी वळवायची याचा नियम ठरलेला असेल, तर त्या ठिपक्यांतून जाणारी रेषा एकच असते. ध्वनीच्या बाबतीत हा नियम गणितानं सिद्ध झालेला आहे. अमेरिकेत हॅरी नायक्विस्ट यांनी १९२८ साली तारायंत्राच्या संदर्भात त्याची मांडणी केली, सोव्हिएत रशियात व्लादिमीर कोतेल्निकोव्ह यांनी १९३३ साली, आणि क्लॉड शॅनन यांनी १९४९ साली तो आजच्या स्वरूपात सिद्ध केला. नियम असा: आवाजातल्या सर्वांत उंच कंपनाच्या दुपटीपेक्षा अधिक वेगानं नमुने घेतले, तर मूळ लहर त्या नमुन्यांतून जशीच्या तशी परत उभी करता येते. अंदाजानं किंवा जवळपास नव्हे, जशीच्या तशी. पायऱ्या दिसतात त्या संगणकाच्या पडद्यावरच्या चित्रात. स्पीकरकडे जाणारी लहर गुळगुळीतच असते.

माणसाचा कान साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतची कंपनं ऐकतो. हर्ट्झ म्हणजे सेकंदाला एक कंपन. वरची मर्यादा तरुण कानाची. माझ्या वयाला १२-१३ हजारांच्या पुढे फारसं काही पोहोचत नाही. २०,०००ची दुप्पट ४०,०००, म्हणून दर त्याहून थोडा अधिक हवा.

दर कमी ठेवला की काय होतं, ते आपण सगळ्यांनी अनुभवलेलं आहे. डिजिटल टेलिफोनचा नमुनादर ८,००० ठरला. म्हणजे वरची मर्यादा ४,००० हर्ट्झ, आणि प्रत्यक्षात सुमारे ३,४०० पर्यंतचाच आवाज पुढे पाठवला जाई. ‘स’ उच्चारताना होणाऱ्या फुत्काराचा मोठा भाग याच्या वर असतो. म्हणूनच फोनवर नाव सांगताना ‘साताऱ्याचा स’ असं सांगावं लागे.

४४,१०० हा आकडा आला कुठून?

चाळीस हजारांहून अधिक हवे होते, हे ठीक. पण बरोबर ४४,१०० का? याचं उत्तर कानात नाही, दूरचित्रवाणीत आहे.

१९७०च्या दशकात डिजिटल ध्वनी साठवण्याइतकी जागा कुठल्याही सोयीच्या साधनात नव्हती. तेवढी माहिती मावेल अशी हाताशी असलेली वस्तू म्हणजे व्हिडिओ कॅसेट. मग आवाजाचे आकडे काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांच्या रूपात चित्र म्हणून व्हिडिओ फितीवर उमटवण्याची युक्ती निघाली. दूरचित्रवाणीचं चित्र आडव्या रेषांचं असतं. प्रत्येक रेषेत तीन नमुने बसवले गेले. अमेरिका आणि जपानमधल्या पद्धतीत सेकंदाला ६० अर्धचित्रं आणि प्रत्येकात वापरण्याजोग्या २४५ रेषा: ६० गुणिले २४५ गुणिले ३ म्हणजे ४४,१००. युरोपातल्या पद्धतीत सेकंदाला ५० अर्धचित्रं आणि २९४ रेषा: ५० गुणिले २९४ गुणिले ३ म्हणजेही ४४,१००. दोन्हीकडच्या यंत्रांवर बसणारा हा आकडा फिलिप्स आणि सोनी यांनी सीडीसाठी स्वीकारला, आणि १९८२ साली सीडी बाजारात आली.

चित्रपट आणि व्हिडिओच्या व्यवसायात मात्र ४८,००० हा दर रुळला. सेकंदाला २४ चित्रं असली तर प्रत्येक चित्रामागे बरोबर २,००० नमुने येतात, २५ असली तर १,९२०, ३० असली तर १,६००. हिशेब पूर्णांकात सुटतो.

असे दोन आकडे, दोन वेगळ्या धंद्यांच्या सोयीतून आलेले. संगीताच्या जगात एक, चित्राच्या जगात दुसरा. आपले आवाज या दोन जगांमध्ये सतत ये-जा करतात, आणि त्या वाटेवरच घोटाळे होतात.

डब्यावरची चिठ्ठी

आता बाईंच्या फाइलकडे येतो. आवाजाच्या साध्या फाइलमध्ये दोन गोष्टी असतात: नमुन्यांचे आकडे, आणि त्यांच्या आधी एक छोटी नोंद, बहुधा ४४ बाइट्सची. त्या नोंदीत नमुनादर लिहिलेला असतो. आकड्यांना स्वतःचा वेग नसतो. ते सेकंदाला किती या गतीनं वाजवायचे, हे संगणक त्या नोंदीवरून ठरवतो. डब्यात काय आहे ते डबा सांगत नाही, वरची चिठ्ठी सांगते.

बाई सांगत होत्या की कॅसेट साठ मिनिटांची होती आणि दोन्ही बाजूंनी पूर्ण भरलेली होती. फाइल भरत होती सुमारे ५५ मिनिटं. नोंदीत दर होता ४८,०००. मला संशय आला की मोजणी झाली ४४,१०० नं आणि चिठ्ठी लागली ४८,००० ची. तसं असेल तर ६० मिनिटांचा ऐवज ५५ मिनिटं ७ सेकंदांत संपेल, आणि सूर त्याच प्रमाणात वर चढेल. पण संशय म्हणजे पुरावा नव्हे.

पुरावा मिळाला विजेच्या गुणगुणीत. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनांची आहे. घरगुती यंत्रं जोडून कॅसेट उतरवली की ही ५० हर्ट्झची बारीक घरघर आवाजात हमखास मिसळते. मूळ ध्वनिमुद्रण सेलवरच्या टेपरेकॉर्डरवर झालेलं होतं, तेव्हा त्या घरी वीजच नव्हती. म्हणजे फाइलमधली घरघर ही शहरातल्या दुकानातलीच. ओव्यांच्या मधल्या शांत जागा घेऊन मी ती मोजली. ती ५० वर नव्हती, ५४.४ वर होती. विजेची वारंवारता थोडी खालीवर होते, पण इतकी कधीच नाही. आणि ५० ला ४८,००० नं गुणून ४४,१०० नं भागलं की उत्तर येतं ५४.४.

सुरांच्या भाषेत हा फरक किती? सप्तकाचे १,२०० सारखे भाग केले तर त्या प्रत्येकाला सेंट म्हणतात. पेटीच्या शेजारच्या दोन पट्ट्यांत १०० सेंटचं अंतर असतं. ४४,१०० आणि ४८,००० यांच्यातलं अंतर १४७ सेंट भरतं. म्हणजे काळी एकमध्ये गाणारी बाई पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या मधोमध जाऊन बसते. आमच्या शेजारच्या सांगलीत कृष्णाजी बल्लाळ देवल या निवृत्त डेप्युटी कलेक्टरांनी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या मदतीनं श्रुती मोजण्याचे प्रयोग केले आणि १९१० साली बावीस श्रुतींवर पुस्तक लिहिलं. श्रुतींच्या गणितातलं ८१:८० हे बारीक अंतर सुमारे २२ सेंटचं असतं. एवढ्याशा अंतरावरून आपल्याकडे शतकभर वाद झाले. ही चूक त्याच्या जवळजवळ सातपट होती, आणि ती एका चिठ्ठीत होती.

जुन्या तबकड्या जमवणाऱ्यांना हे नवं वाटणार नाही. ज्यांना आपण सरसकट ७८ फेऱ्यांच्या म्हणतो, त्या सुरुवातीच्या काळातल्या तबकड्या प्रत्यक्षात कमी-अधिक फेऱ्यांवर भरलेल्या असत. एखाद्या गायकाची खरी पट्टी कोणती, हा प्रश्न त्यामुळेच अवघड होतो. नमुनादर म्हणजे डिजिटल तबकडीच्या फेऱ्याच.

चिठ्ठी बदलणं आणि माल बदलणं

इथे मी स्वतः एक चूक केली, ती सांगायला हवी. फाइल ४८,००० ची आहे आणि हवी ४४,१०० ची, म्हणून मी संगणकाला ‘४४,१०० मध्ये रूपांतर कर’ असं सांगितलं. त्यानं केलं. पुन्हा ऐकलं, तर तीच घाई, तीच पोर. फाइल अजूनही ५५ मिनिटांचीच.

कारण रूपांतर म्हणजे चिठ्ठी बदलणं नव्हे. रूपांतर करणारी प्रणाली आधीची चिठ्ठी खरी मानते, त्या दरानं जी लहर उभी राहते ती जशीच्या तशी ठेवते, आणि तीच लहर नव्या दरानं पुन्हा मोजते. चुकलेला सूर तिनं इमानदारीनं जपला होता.

हे रूपांतर सोपंही नाही. ४४,१०० आणि ४८,००० यांचं प्रमाण १४७ ला १६० असं येतं. जिथे पूर्वी १४७ ठिपके होते तिथे १६० बसवायचे, किंवा उलट. दर गटात एकच ठिपका जुन्या जागेवर पडतो. बाकी सगळे दोन जुन्या ठिपक्यांच्या मध्ये कुठेतरी. त्यांची किंमत आजूबाजूच्या अनेक नमुन्यांवरून गणितानं काढावी लागते. कुणी आळस करून शेजारचे दोन ठिपके सरळ रेषेनं जोडले, तर मूळ आवाजात नसलेले बारीक सूर त्यात शिरतात. आजच्या चांगल्या प्रणाली हे काम इतकं नीट करतात की राहिलेली चूक कानाच्या आवाक्यापलीकडे असते. तरीही प्रत्येक रूपांतर म्हणजे नव्यानं मोजणी, म्हणून ते कमीत कमी वेळा आणि शेवटी करावं.

आणखी एक गैरसमज. कमी दराची फाइल ९६,००० मध्ये बदलली की आवाज सुधारतो, असं सांगून पैसे घेणारे मी पाहिले आहेत. पाणी घालून आमटी वाढते, डाळ वाढत नाही. जे मोजलंच गेलं नाही ते नंतर कुठून येणार?

बाईंच्या फाइलला हवं होतं ते फक्त चिठ्ठी बदलणं. मी मूळ फाइलची प्रत घेतली आणि नोंदीतला एकच आकडा बदलला. ऐवजातल्या एकाही नमुन्याला हात लावला नाही. फाइल साठ मिनिटांची झाली, घरघर ५० वर आली. कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला भजन होतं. त्यातली पेटी पट्टीपेक्षा किंचित चढी वाटत राहिली. १९८७ साली सेल उतरलेले असतील तर टेप हळू फिरते आणि नंतर वाजवताना सूर चढतो. पण गावच्या पेटीची जुळणीही नेमकी असेलच असं नाही. दोन्हींपैकी खरं काय, हे ठरवण्याला आधार नव्हता, म्हणून तिथे मी काही केलं नाही. संगणकानं केलेली चूक तेवढी काढली.

बाईंना बोलावून ऐकवलं. पहिल्या दोन ओळीतच त्यांनी डोळ्याला पदर लावला. मग म्हणाल्या, “आता जातं बी आमचंच वाटतंय.” जात्याची फिरण्याची गतीही त्यांना आठवत होती, हे मला तेव्हा कळलं.

बांगड्या

गोष्ट इथे संपती तर बरं झालं असतं. आठवड्यानं त्यांचा मुलगा जुना मोबाइल घेऊन आला. आजीची दुसरी एक कॅसेट होती; तीही टाकून दिलेली. तिच्यातल्या ओव्यांच्या फक्त ‘हलक्या’ फाइली राहिल्या होत्या, दुकानानं मोबाइलवर पाठवण्यासाठी केलेल्या. दर ११,०२५, म्हणजे ४४,१०० चा बरोबर चौथा हिस्सा. त्यात पहिल्या कॅसेटमधलीही एक ओवी होती आणि तिचा सूर बरोबर होता. माझ्या निष्कर्षाला त्यामुळे दुजोरा मिळाला. पण आवाजात काहीतरी किरकिरत होतं, काचेवर खडा ओढल्यासारखं.

दर ११,०२५ असेल तर वरची मर्यादा त्याच्या निम्मी, सुमारे ५,५०० हर्ट्झ. त्यापेक्षा उंच आवाज आधी गाळून टाकायचे आणि मगच नमुने कमी करायचे, हा नियम आहे. गाळण न लावता नुसतेच चारांतले तीन नमुने फेकले, तर ते उंच आवाज नाहीसे होत नाहीत. खोटं रूप घेऊन खाली उतरतात. सिनेमात वेगानं धावणाऱ्या टांग्याचं चाक उलटं फिरताना दिसतं ना, तोच प्रकार. सेकंदाला २४ चित्रांना चाकाचा वेग पकडता येत नाही, म्हणून ती वेगळाच वेग दाखवतात.

पहिल्या कॅसेटमधली ती सामाईक ओवी मी दोन्ही रूपांत शेजारी ठेवून पाहिली. जातं ओढताना बाईच्या हातातल्या बांगड्या किणकिणत होत्या. पूर्ण फाइलमध्ये ती किणकिण ७,००० हर्ट्झच्या आसपास होती. हलक्या फाइलमध्ये तिथे काहीच नव्हतं. त्याऐवजी ४,०२५ च्या आसपास एक बेसूर किरकिर होती. ११,०२५ मधून ७,००० वजा केले की ४,०२५ उरतात. बांगड्या घडी पडून खाली आल्या होत्या, नेमक्या शब्दांची स्पष्टता जिथे असते त्या पट्ट्यात.

पहिली चूक चिठ्ठीतली होती. ती एका आकड्यात सुटली. ही मालातली होती. ४,०२५ वरची किरकिर कोणती बांगड्यांची आणि कोणता भाग आवाजाचा, हे सांगणारी खूण त्या आकड्यांमध्ये उरलेलीच नाही. किरकिर कापावी तर व्यंजनं बोथट होतात. मूळ कॅसेट असती तर पुन्हा उतरवता आली असती. मी मुलाला तसं स्पष्ट सांगितलं आणि फाइली होत्या तशाच परत केल्या.

घरातल्या आवाजांसाठी

या सगळ्यातून माझ्या कामात काही शिस्त आली. ध्वनिसंग्रहांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची शिफारस किमान ४८,००० दर आणि २४ बिटची आहे, आणि ९६,००० अधिक चांगला मानला जातो. बिट म्हणजे प्रत्येक मोजणी किती बारीक पट्टीनं केली त्याचं माप: १६ बिटच्या पट्टीवर ६५,५३६ खुणा असतात, २४ बिटच्या पट्टीवर १,६७,७७,२१६. दूरवरून, हळू आवाजात भरलेल्या ओव्यांना ही बारीक पट्टी उपयोगी पडते. ९६,००० आणि २४ बिटनं दोन वाहिन्यांचा एक तास सुमारे दोन जीबी जागा घेतो. आजच्या मानानं ती काही फार नाही.

अशी उतरवलेली पहिली फाइल ‘मूळ’ म्हणून वेगळी ठेवावी आणि तिला पुन्हा हात लावू नये. मोबाइलसाठी, सीडीसाठी, व्हिडिओसाठी लागेल ती प्रत तिच्यावरूनच करावी, प्रतीवरून प्रत करू नये. नमुनादर आणि तारीख फाइलच्या नावातच लिहावी. उतरवलेल्या फाइलची लांबी कॅसेटच्या घड्याळी लांबीशी ताडून पाहावी. चिठ्ठीची चूक तिथेच पकडली जाते. आणि कॅसेट टाकून देऊ नये. बुरशी बहुतेक वेळा साफ करता येते. फेकलेली कॅसेट परत येत नाही.

एक नियम मात्र मी कुठल्या पुस्तकातून घेतलेला नाही. काम पूर्ण झालं की फाइल देण्याआधी, ज्यांनी त्या माणसाला प्रत्यक्ष ऐकलं आहे अशा कुणालातरी मी समोर बसवून ती ऐकवतो. त्या दिवशी माझ्याकडे सगळी यंत्रं होती, आणि चूक ऐकू आली ती त्या बाईंना.